परिचारिकांचीं वाचनमंडळें

[नभोवाणीवरील भाषण]

आपल्यापैकीं बहुतेकांनीं केव्हां ना केव्हां इस्पितळांतील रात्र पाहिली असेल. आपलें माणूस खाटेवर, आपण खालीं सतरंजीवर, आणि मधल्या वाटेनें हातांत बॅटरी घेऊन फिरणारी परिचारिका. तिला आपण धांवतांना पाहिलें असेल, रागावतांना पाहिलें असेल, क्वचित् कोपऱ्यांत उभी राहून डोळे पुसतांनाही पाहिलें असेल. पण तिला वाचतांना पाहिलें आहे काय? आणि समजा, रात्रीं दोन वाजतां टेबलाशीं बसून ती एखादें मासिक वाचीत असलेली दिसली, तर आपल्याला काय वाटेल? मीं चौतीस वर्षें हा व्यवसाय केला आहे. तेव्हां याचें उत्तर मला ठाऊक आहे. सकाळीं मेट्रनबाईंकडे तक्रार जाते.

ती तक्रार अगदींच अनाठायीं असते, असें मी म्हणणार नाहीं. रोगी कण्हत असतांना मासिकांत डोकें घालून बसणाऱ्या परिचारिकेची बाजू मी घेणार नाहीं. परंतु त्या तक्रारीच्या पोटांत एक जुनी समजूत दडलेली असते, कीं वाचावें तें डॉक्टरांनीं आणि ऐकावें तें परिचारिकांनीं. ही समजूत एकट्या नातेवाइकांची नाहीं. ती इस्पितळांची होती, विद्यापीठांची होती, आणि पुष्कळ काळ खुद्द परिचारिकांचीही होती. ती हळूहळू ढिली कशी होत गेली आणि परिचारिका एकत्र बसून आपल्या धंद्याचीं नियतकालिकें कशा वाचूं लागल्या, याचा थोडा इतिहास आज सांगावयाचा आहे. अशा मंडळाला इंग्रजींत 'जर्नल क्लब' म्हणतात. क्लब म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें चहा आणि पत्ते येतात; आणि मौज अशी कीं मूळ कथेंत पत्ते खरोखरच आहेत.

लंडन शहरांत सेंट बार्थोलोम्यू नांवाचें एक फार जुनें इस्पितळ आहे. त्याची स्थापना ११२३ सालची. तेथें १८३४ सालीं जेम्स पॅजेट नांवाचा वीस वर्षांचा एक तरुण शिकावयास आला. वडील यारमथ बंदरांतील बिअर गाळणारे आणि जहाजांचे मालक. पण धंदा उताराला लागलेला, त्यामुळें मुलाच्या खिशांत पैसा बेताचाच. दुसऱ्याच वर्षीं या मुलाला विच्छेदनाच्या खोलींत एका प्रेताच्या स्नायूंत बारीक पांढरे ठिपके दिसले. ते पाहावयास सूक्ष्मदर्शक यंत्र हवें, तें इस्पितळांत मिळेना. म्हणून तो थेट ब्रिटिश म्युझियममध्यें गेला, आणि रॉबर्ट ब्राऊन या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या यंत्राखालीं त्याला त्या ठिपक्यांत वेटोळें घालून बसलेला कृमि दिसला. पुढें हाच मुलगा मोठा नामांकित शस्त्रवैद्य झाला. त्याच्या मृत्यूनंतर, १९०१ सालीं, त्याच्या मुलानें त्याच्या आठवणी छापल्या. त्यांत सहज जातां जातां एक उल्लेख येतो. इस्पितळाच्या दारापाशीं एका पाववाल्याच्या दुकानावर एक लहानशी खोली होती. तेथें विद्यार्थी बसून वैद्यकीय मासिकें वाचीत, आणि कांहीं जण संध्याकाळीं पत्ते खेळत.

एवढाच उल्लेख. परंतु वैद्यकीय वाचनमंडळांचा इतिहास लिहिणारे येथूनच आरंभ करतात, आणि मला तें योग्य वाटतें. या खोलीला ना घटना होती, ना अध्यक्ष. ती कामाच्या जागेच्या दाराशीं होती, तेथें टेंकून बसतां येत होतें, मासिकें हाताशीं होतीं, आणि खालून पावाचा वास येत असलाच पाहिजे, असें मी आपल्या पदरचें धरून चालतें. या साध्या गोष्टींचें महत्त्व मला फार उशिरा कळलें. तें कसें, तें पुढें सांगेन.

पुढचें नांव सर विल्यम ऑस्लर यांचें. कॅनडांतील माँट्रिऑल शहरीं मॅक्गिल विद्यापीठांत ते अगदीं तरुण वयांत शिकवूं लागले. बर्लिन, व्हिएन्ना वगैरे ठिकाणीं फिरून १८७४ सालीं परत आलेले; तिकडच्या मासिकांची चटक लागलेली; पण सगळ्यांची वर्गणी एकट्यानें भरणें परवडेना. तेव्हां १८७५ सालीं त्यांनीं चार मंडळी गोळा करून सामाईक खर्चानें मासिकें मागवावयाचें आणि आळीपाळीनें वाचावयाचें ठरविलें. यांत विद्वत्तेइतकाच काटकसरीचाही भाग होता. आपल्याकडे आळींतील बायका भिशी लावतात, त्याच जातीची ही युक्ति. पुढें ऑस्लर अमेरिकेंतील बाल्टिमोर शहरीं नव्यानें उघडलेल्या जॉन्स हॉपकिन्स इस्पितळांत गेले, आणि १८८९ सालीं तेथेंही त्यांनीं असें मंडळ सुरू केलें.

आतां येथें क्षणभर थांबावयास पाहिजे. त्याच इस्पितळांत, त्याच १८८९ सालच्या ऑक्टोबरमध्यें, परिचारिकांची शाळाही उघडली. तिच्या मुख्य इसाबेल हॅम्प्टन या जन्मानें कॅनडियन होत्या, आणि वय होतें तिशीच्या आंतबाहेर. म्हणजे एकाच छपराखालीं, एकाच वर्षीं, डॉक्टरांचें वाचन आणि परिचारिकांचें शिक्षण हीं दोन्ही सुरू झालीं. दोघांत फरक मात्र जमीन-अस्मानाचा. डॉक्टरांपाशीं मासिकें होतीं आणि संध्याकाळ होती. परिचारिकांपाशीं या दोहोंपैकीं एकही नव्हतें. त्या काळच्या बहुतेक शाळांत विद्यार्थिनींना दिवसाचे दहा-बारा तास वॉर्डांत उभें राहावें लागे, आणि व्याख्यानें ऐकावयाचीं तीं त्यानंतर. पेंगत ऐकलेल्या व्याख्यानाचा उपयोग किती, हें ज्यानें रात्रपाळी केली आहे त्याला विचारावें.

हॅम्प्टनबाईंच्या पहिल्याच तुकडींत ॲडलेड नटिंग नांवाची एक विद्यार्थिनी होती. ती १८९१ सालीं उत्तीर्ण झाली, आणि १८९४ सालीं हॅम्प्टनबाई लग्न करून गेल्यावर त्याच शाळेची मुख्य झाली. तिनें अभ्यासक्रम तीन वर्षांचा केला आणि कामाचे तास आठांवर आणले. इतकेंच करून ती थांबली नाहीं. १८९६ सालीं अमेरिकेंतील निरनिराळ्या शाळांत विद्यार्थिनींकडून किती तास काम घेतलें जातें, त्याचा आंकडेवार आढावा तिनें आपल्या व्यवसाय-भगिनींपुढें ठेवला. पुढें लव्हिनिया डॉक या मैत्रिणीबरोबर तिनें परिचर्येचा मोठा इतिहास लिहिला. त्याचे पहिले दोन खंड १९०७ सालीं निघाले. त्याच वर्षीं कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजांत ती प्राध्यापक झाली. ही बाई विदुषी होती यांत शंका नाहीं. पण माझ्या मतें तिचें सर्वांत मोठें काम तो तासांचा आढावा होय. वाचनाचा पहिला शत्रु अज्ञान नव्हे, थकवा. आणि हें ओळखणारी ती पहिल्यांपैकीं एक.

मासिकांची उणीव मात्र तोंवर भरून येऊं लागली होती, आणि त्यासाठीं आपल्याला पुन्हां त्या पाववाल्याच्या दुकानाशीं यावें लागतें. १८८१ सालीं त्याच सेंट बार्थोलोम्यू इस्पितळांत एथेल मॅन्सन नांवाची चोवीस वर्षांची तरुणी मेट्रन म्हणून नेमली गेली. चोवीसाव्या वर्षीं मेट्रन! सहा वर्षांनीं बेडफर्ड फेनविक नांवाच्या डॉक्टराशीं लग्न करून तिनें ती जागा सोडली, आणि मग तिची खरी कारकीर्द सुरू झाली. १८८८ सालीं लंडनमध्यें परिचारिकांसाठीं 'नर्सिंग रेकॉर्ड' नांवाचें साप्ताहिक निघालें होतें. १८९३ सालीं मिसेस फेनविक त्याच्या संपादक झाल्या. १९०२ सालीं त्याचें नांव 'ब्रिटिश जर्नल ऑफ नर्सिंग' असें झालें. आणि १९४७ सालीं नव्वदाव्या वर्षीं मृत्यु येईपर्यंत त्यांनीं तें पत्र चालविलें. परिचारिकांची सरकारी नोंदवही असावी, ज्या त्या बाईनें नर्स म्हणवून घेऊं नये, हा त्यांचा हट्ट. स्वतः फ्लॉरेन्स नाइटिंगेल या गोष्टीच्या विरुद्ध होत्या. शीलाची परीक्षा कागदावर होत नाहीं, असें त्यांचें म्हणणें. दोघींचेंही थोडें थोडें खरें होतें. शेवटीं १९१९ सालीं कायदा झाला, आणि नोंदवही उघडली तेव्हां तींतील पहिला क्रमांक मिसेस फेनविक यांचा लागला.

अमेरिकेंत १९०० च्या ऑक्टोबरमध्यें 'अमेरिकन जर्नल ऑफ नर्सिंग' निघालें. त्याच्या पहिल्या संपादक सोफिया पामर या एका इस्पितळाचा कारभार संभाळून हें काम करीत. भांडवल कोठून आणलें? परिचारिकांनींच शंभर-शंभर डॉलरचे भाग आपापसांत घेतले. ऑस्लरांनीं वर्गणी वांटून घेतली होती. या बायकांनीं तर मासिकच वांटून घेतलें.

आपल्याकडे हा वारा फार उशिरा आला असें नाहीं. १९०५ सालीं लखनौ येथें इस्पितळांतील परिचारिका-अधीक्षिकांनीं आपला संघ काढला. १९०८ सालीं ट्रेन्ड नर्सेस असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था झाली. आणि १९१० च्या फेब्रुवारींत 'नर्सिंग जर्नल ऑफ इंडिया' या मासिकाचा पहिला अंक निघाला. परंतु या अधीक्षिका बहुतेक युरोपियन, आणि मासिक इंग्रजी. त्याच सुमारास, १९०९ सालीं, पुण्यांत सेवासदन सुरू झालें. रमाबाई रानडे त्याच्या अध्यक्ष. तेथून ज्या बाया ससून इस्पितळांत परिचर्या शिकावयास गेल्या, त्यांत विधवा होत्या, टाकलेल्या होत्या, अक्षरओळखही मोठेपणीं झालेल्या होत्या. परपुरुषाच्या अंगाला हात लावावा लागतो, कोणत्याही जातीच्या रोग्याचें सारें करावें लागतें, म्हणून त्यांना घरच्यांनीं किती बोल लावले असतील! खुद्द रमाबाईंनीं आपल्या आठवणींत लिहून ठेवलें आहे, कीं न्यायमूर्ति त्यांना शिकवूं लागले तेव्हां घरांतील बायकांनीं त्यांचा किती छळ मांडला. बाईच्या हातीं पुस्तक दिसणें हाच अपराध. रात्रपाळींत वाचणाऱ्या परिचारिकेची तक्रार मीं आरंभीं सांगितली, तिचें मूळ कदाचित् या जुन्या माजघरांत सांपडेल.

त्या बायांना इंग्रजी मासिक वाचतां येणें कठीणच होतें. परिचर्येचें पदवी-शिक्षण आपल्या देशांत १९४६ सालीं दिल्ली व वेल्लोर येथें सुरू झालें. मुंबईंत श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाचें परिचर्या महाविद्यालय १९६४ सालीं निघालें. तोंवर, आणि त्यानंतरही पुष्कळ ठिकाणीं, परिचारिकेचें ज्ञान म्हणजे वरच्या सिस्टरनें सांगितलेलें, तिला तिच्या वरच्या सिस्टरनें सांगितलेलें. ही परंपरा मी हिणवीत नाहीं. तिनेंच मला खाटेवरची चादर रोग्याला न हलवितां बदलावयास शिकविली. पण परंपरेंत चूक शिरली, तर तीही तितक्याच निष्ठेनें पुढें जाते. त्याचीं दोन उदाहरणें सांगतें.

पहिलें शय्याव्रणांचें. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या पाठीला, माकडहाडाला, टांचांना ज्या जखमा होतात, त्या आपण घरोघरीं पाहिल्या आहेत. त्या होऊं नयेत म्हणून पिढ्यान् पिढ्या परिचारिकांनीं स्पिरिट चोळलें, पावडर लावली, कोणी अंड्याचा पांढरा बलक लावला. लंडनमधील वृद्ध रोग्यांच्या वॉर्डांत डोरीन नॉर्टन नांवाच्या परिचारिकेनें आपल्या दोन सहकाऱ्यांबरोबर या प्रश्नाचा शोध घेतला, आणि १९६२ सालीं तो प्रसिद्ध केला. अंगाला काय चोळलें यानें फारसा फरक पडत नव्हता; फरक पडत होता तो रोग्याची कूस वेळच्या वेळीं बदलण्यानें. कोणत्या रोग्याला धोका अधिक, हें ओळखण्यासाठीं तिनें एक सोपें कोष्टकही केलें. प्रकृति, मनाची स्थिति, हिंडणें-फिरणें, अंथरुणांतली हालचाल, मलमूत्रावरचा ताबा. प्रत्येकाला एक ते चार गुण. बेरीज चौदा किंवा त्याहून कमी भरली कीं सावध व्हावें. पुढें तर असेंही ठरलें, कीं लाल झालेली जागा जोरानें चोळूं नये. चोळण्यानें आंतल्या नाजूक भागाला इजाच होते.

दुसरें उदाहरण वस्तऱ्याचें. शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्रीं रोग्याचे केस वस्तऱ्यानें साफ काढणें म्हणजे स्वच्छता, असें आम्ही शिकलों. १९७१ सालीं अमेरिकेंत सेरोपियन आणि रेनल्ड्स या दोघांनीं एक निरीक्षण छापलें. वस्तरा लावलेल्या रोग्यांत जखम चिघळण्याचें प्रमाण शेंकडा ५.६ होतें, ज्यांचे केस औषधानें काढले किंवा मुळींच काढले नाहींत, त्यांच्यांत तें ०.६. शस्त्रक्रियेच्या अगदीं आधीं वस्तरा लावला तर शेंकडा ३.१, चोवीस तासांच्या आंत लावला तर ७.१, आणि त्याहूनही आधीं लावला तर विसांच्या वर. २०१६ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें केस शक्यतों काढूंच नयेत, काढावेच लागले तर कातरयंत्रानें काढावे, वस्तरा लावूं नये, असें स्पष्ट सांगितलें. मधल्या पंचेचाळीस वर्षांत किती वॉर्डांत किती वस्तरे चालले असतील, याचा हिशेब कोण देणार? लेख ग्रंथालयाच्या कपाटांत होता आणि वस्तरा वॉर्डांत.

कपाटापासून वॉर्डापर्यंतचें हें अंतर ओलांडावयाचें म्हणून वाचनमंडळ. आतां माझी स्वतःची फजिती सांगतें.

एका मोठ्या शहरांतील इस्पितळांत मी शिक्षिका होतें. जर्नल क्लबांविषयीं वाचून मला स्फुरण चढलें आणि मीं फळ्यावर सूचना लावली. वेळ रात्रीं आठची, म्हणजे दिवसपाळी संपल्यावर. लेख मीं निवडला. वीस पानांचा, कोष्टकांनीं गच्च भरलेला. पहिल्या दिवशीं बावीस जणी आल्या, दुसऱ्यांदा नऊ, तिसऱ्यांदा चार. चौथ्यांदा मी होतें आणि चहा घेऊन आलेला शिपाई होता. त्याच्यापुढें मीं लेखाचा सारांश सांगितला नाहीं, एवढाच विवेक मला उरला होता. मीं मनांत सगळ्यांना आळशी ठरविलें. पुढें मीं पॅजेटची ती खोलीची हकीकत वाचली, तेव्हां डोळे उघडले. मीं मुलींना त्यांच्या वेळांतून, त्यांच्या झोपेंतून, माझ्या आवडीचा लेख वाचावयास बोलाविलें होतें. पाववाल्याचें दुकान मीं इस्पितळापासून दोन कोसांवर नेऊन ठेवलें होतें.

दोन वर्षांनीं पुन्हां आरंभ केला. या वेळीं आधीं मेट्रनबाईंकडे गेलें आणि लेखी परवानगी मागितली, कीं दुपारीं पाळी बदलतांना, दीड ते दोन, जेव्हां जाणाऱ्या आणि येणाऱ्या अशा दोन्ही पाळ्या वॉर्डांत असतात, तेव्हां प्रत्येक वॉर्डांतून एकीला पंधरवड्यांतून एकदां सोडावें. मेट्रनबाई म्हणाल्या, "बाई, अर्ध्या तासानें काय होणार?" मीं म्हटलें, "पुष्कळ झालें नाहीं तर बंद करूं." जागा घेतली कपड्यांच्या कोठीशेजारची. फाटकाबाहेर एका इराण्याची बेकरी होती, तेथून खारी यावयाची; तिची वर्गणी ठरली. ही खारी मी विनोदानें सांगत नाहीं. १९९५ सालीं अमेरिकेंतील तरुण डॉक्टरांचीं वाचनमंडळें कशानें टिकतात याची एक पाहणी छापली गेली. तींत हजेरीची सक्ति, वरिष्ठांपासून स्वातंत्र्य, लेख पारखण्याचें शिक्षण, यांच्या पंक्तींत खाण्याची सोय हेंही एक कारण निघालें.

मुख्य बदल मात्र असा केला, कीं लेख मीं निवडावयाचा नाहीं. एक शंभरपानी वही कोठीच्या खिळ्याला दोरीनें टांगली. वॉर्डांत काम करतांना जो प्रश्न पडेल तो जिनें तिनें त्यांत लिहावा, नांव न घालतां. त्यांतला एक प्रश्न घ्यावयाचा, त्यावर एकच लेख शोधावयाचा, आणि एकीनें तो वाचून बाकीच्यांना सांगावयाचा. लेख इंग्रजी असे, सांगणें मराठींत. केरळांतून आलेल्या मुली होत्या, त्यांना इंग्रजी आमच्याहून बरें येई पण मराठी अडे; मग अर्धें हिंदींत, अर्धें खुणांनीं. लेख ऐकल्यावर तीनच गोष्टी विचारावयाच्या. रोगी कोण होते? एका गटाला हें करावयाचें आणि दुसऱ्याला तें, हें कोणीं व कसें ठरविलें? आणि आपल्या वॉर्डांतील रोगी त्यांच्यासारखे आहेत काय? डॉक्टरांना पहिले सहा महिने बोलाविलें नाहीं. त्यांत द्वेष नव्हता. डॉक्टर खोलींत आले कीं आमच्या मुली आपोआप उभ्या राहात, आणि उभ्या माणसाला शंका सुचत नाहीं.

वहींतला तिसरा कीं चौथा प्रश्न होता: "पाठ लाल झाल्यावर स्पिरिट चोळल्यानें खरोखर फायदा होतो काय?" अक्षर कोंकणांतून नुकत्याच आलेल्या एका मुलीचें होतें, हें सगळ्यांनीं ओळखलें. लेख तिनेंच सांगितला. चांगला सांगितला. खोलींत वैद्यकीय वॉर्डाच्या मुख्य सिस्टर होत्या. तीस वर्षें नोकरी झालेल्या, ज्यांच्या हाताखालीं मीही शिकलें. त्यांच्या वॉर्डांत शय्याव्रण क्वचितच होई, आणि त्यांचा हातगुण मोठा असें सारे म्हणत. मुलीचें सांगणें संपलें. कोणी बोलेना. मग सिस्टर म्हणाल्या, "म्हणजे हे हात इतकीं वर्षें काय करीत होते?" त्यांच्या आवाजांत राग नव्हता. राग असता तर उत्तर देणें सोपें होतें.

मला तेव्हां कांहीं सुचलें नाहीं. मुलगी रडूं लागली. खारी तशीच राहिली. पुढच्या दोन बैठकींना सिस्टर आल्या नाहींत, आणि मला वाटलें कीं मंडळ आतां दुसऱ्यांदां मेलें. वाचनानें मनुष्य शहाणा होतो असें आपण सहज म्हणतों. पण शहाणें होणें म्हणजे कांहीं वेळां आपल्याच गेल्या तीस वर्षांवर रेघ ओढणें, हें त्या दुपारीं मीं पाहिलें. डॉक्टरांनाही तें जड जातें. फरक इतकाच, कीं डॉक्टराचें औषध चुकलें तर तें औषध चुकलें. परिचारिकेचे मात्र हात चुकतात.

नंतर एके दिवशीं मी त्यांच्या वॉर्डांत गेलें, तों प्रत्येक खिळलेल्या रोग्याच्या उशाशीं एक कागद चिकटविलेला. त्यावर तासांचें कोष्टक, आणि पुढें 'डावी', 'उजवी', 'पाठ' अशा खुणा, प्रत्येकीपुढें सही. मीं कांहीं विचारलें नाहीं. त्याच म्हणाल्या, "चोळण्याच्या निमित्तानें मी त्यांना चार-चारदां वळवीत होतें. गुण त्या वळविण्याचा असेल." हा तर्क कोणत्याही लेखांत नव्हता, आणि मला तो अगदीं बरोबर वाटतो. त्या मुलीला त्यांनीं पुढें आपल्याच वॉर्डांत मागून घेतलें.

याचा अर्थ वाचनमंडळ काढलें कीं वॉर्ड सुधारतो, असें कृपा करून समजूं नये. १९८८ सालीं अमेरिकेंत लिंझर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं नवशिक्या डॉक्टरांवर याचीच परीक्षा घेतली. कांहींना वाचनमंडळांत घातलें, कांहींना दुसऱ्या विषयांच्या बैठकींत. मंडळांतल्यांच्या वाचनाच्या संवयी सुधारल्या, आंकडेशास्त्राचें ज्ञानही वाढलें. पण लेखाचा खरेखोटेपणा पारखण्यांत ते इतरांहून सरस ठरले नाहींत. आमच्या मंडळांतही दर दुसरा लेख कांहींच न ठरवितां संपे. एकदां तर लेख सांगणारीनें शेवटचें पानच आणलें नव्हतें. त्यामुळें निष्कर्ष काय निघाला हें आम्हांला पंधरा दिवसांनीं कळलें, आणि तोंवर ज्या पैजा लागल्या त्या मी येथें सांगत नाहीं.

मासिकांची टंचाई, जिच्यापायीं ऑस्लरांनीं मंडळ काढलें, ती आतां पुष्कळ कमी झाली आहे. १९९७ पासून जगांतील वैद्यकीय लेखांची सूची कोणालाही फुकट पाहतां येते. १९९८ सालीं 'एव्हिडन्स-बेस्ड नर्सिंग' नांवाचें त्रैमासिक निघालें, तें इतर मासिकांतील उत्तम लेख निवडून परिचारिकांसाठीं थोडक्यांत देऊं लागलें. लेख आतां खिशांत मावतो. वेळ मात्र अजून पाळीच्या फटींतूनच काढावा लागतो, आणि मेट्रन बदलली कीं परवानगी पुन्हां मागावी लागते. आमच्याकडे तीनदां मेट्रन बदलल्या. दुसऱ्या बाईंच्या कारकीर्दींत मंडळ अकरा महिने बंद होतें. वही मात्र खिळ्यावर राहिली, आणि त्या अकरा महिन्यांतही तींत प्रश्न पडत राहिले.

मी निवृत्त झालें त्या आठवड्यांत कोठींत जाऊन ती वही उघडली. पहिली केव्हांच भरली होती, ही चौथी. शेवटचा प्रश्न रात्रपाळीच्या कोणा मुलीनें पेन्सिलीनें लिहिला होता: "दर दोन तासांनीं कूस बदलली तर म्हाताऱ्या रोग्यांची रात्रभर झोप मोडते. जखम नको म्हणून त्यांना जागें ठेवावयाचें काय? कोणाला लेख सांपडला तर सांगावा." खालीं दुसऱ्या अक्षरांत उत्तर होतें: "शोधतें आहें. बुधवारीं."